दरवाजे उघडले आणि साइट बसली: एका लोड टेस्टचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरातलं एक छोटं बातम्यांचं संकेतस्थळ. ऑफिस राजारामपुरीत, माणसं मोजकी: मालक आणि संपादक एकच, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, तीन-चार बातमीदार आणि एक तरुण डेव्हलपर. त्यांच्या सर्व्हरचं काम मी बाहेरून बघतो. साइटचं आणि माणसांची नावं इथं देत नाही, आकडे गोल केले आहेत. घटनाक्रम मात्र आहे तसा.

वर्षभर साइटवर राजकारण, ऊसदर, फुटबॉल असं सगळं चालतं. पावसाळ्यात एकच पान चालतं, पाणीपातळीचं. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा किती फूट किती इंच, किती बंधारे पाण्याखाली, राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, गगनबावडा आणि रत्नागिरीकडचे रस्ते चालू की बंद. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ चे महापूर बघितल्यापासून तर लोक या आकड्यावर डोळा ठेवूनच असतात. सुतारवाड्यातल्या माणसाला सामान कधी बांधायचं आणि चिखली-आंबेवाडीतल्या माणसाला जनावरं कधी हलवायची, हे त्यावरून ठरवायचं असतं.

सर्व्हर साधा. मुंबईच्या डेटा सेंटरमधलं भाड्याचं मशीन, दोन कोअर, ४ जीबी मेमरी. उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम, ब्राउझरला पानं देणारं एन्जिनएक्स, पान तयार करणारं पीएचपी-एफपीएम, माहिती साठवणारं मायएसक्यूएल आणि वर बातम्या लावायचं वर्डप्रेस. पाणीपातळीचं पान आधीच्या डेव्हलपरनं वेगळं प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) लिहून केलेलं. तो पुण्याला गेला आणि प्लगइन तसंच राहिलं.

अडचण

राधानगरीचे दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी नदीत येतं. दरवाजा दुपारी उघडेल की मध्यरात्री, हे कुणाच्या हातात नाही. म्हणून या पानावरची गर्दी निवडणूक निकालासारखी वेळ सांगून येत नाही.

त्या जुलैत संध्याकाळी दरवाजे उघडायला लागले. बातमीदारानं पानाची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली, ती गल्लीगल्लीच्या ग्रुपवर फिरली आणि काही मिनिटांत साइटवर ५०२ (मागच्या प्रोग्रॅमकडून पान मिळालं नाही, अशी एरर) दिसायला लागलं. तास-दीड तास तेच. मग गर्दी ओसरली आणि साइट आपली आपण उठली. अण्णांना रात्रभर फोन: "पाणी किती झालं ओ? तुमचं पान उघडंना."

पावसाळाभर सगळे बातम्यांच्या मागे. ऑक्टोबरात बसून कारण शोधायचं ठरलं तेव्हा हातात फारसं काही उरलं नव्हतं. उबुंटूवर एन्जिनएक्सचे लॉग, म्हणजे कुणी कधी कुठलं पान मागितलं याच्या नोंदी, मूळ सेटिंगप्रमाणे रोज फिरवले जातात आणि चौदाच ठेवले जातात. जुलैचे लॉग केव्हाच पुसले गेलेले. अ‍ॅनालिटिक्समध्ये वाचकसंख्येचा आलेख होता, पण तोही फसवा. ज्या मोबाइलवर पान उघडलंच नाही, त्यावर अ‍ॅनालिटिक्सची स्क्रिप्टही चालत नाही. त्यामुळे साइट बसली त्या घटकेला आलेख खाली येतो आणि बघणाऱ्याला वाटतं, लोक कमी झाले. बसण्याआधीच्या मिनिटाचा आकडा तेवढा भरवशाचा होता: साधारण १८०० पानं, म्हणजे सेकंदाला ३०.

त्यावरून लोड टेस्टचं, म्हणजे सर्व्हरवर मुद्दाम गर्दी सोडून तो किती झेलतो हे बघायच्या चाचणीचं, लक्ष्य ठरवलं: सेकंदाला १०० रिक्वेस्ट (पानाच्या मागण्या) निभावल्या पाहिजेत. तिपटीपेक्षा थोडं जास्त. याला शास्त्र नाही, पण दारावर किती लोक परत गेले हे कळायचा मार्ग नसताना आकडा मोठाच धरावा लागतो.

पहिली चाचणी आणि अण्णांचा प्रश्न

डेव्हलपरनं ऑफिसातूनच सुरुवात केली. अपाचेबेंच, कमांड 'एबी'. उबुंटूवर अपाचेची साधनं टाकली की ती मिळते. 'एन' पर्यायानं एकूण रिक्वेस्ट किती ते सांगायचं, 'सी' पर्यायानं एका वेळी किती ते सांगायचं, शेवटी पत्ता द्यायचा. त्यानं साइटच्या पहिल्या पानाचा पत्ता दिला आणि 'सी' २० ठेवला. सेकंदाला १२८ रिक्वेस्ट. लक्ष्यापेक्षा वर.

"अण्णा, सव्वाशेच्या वर जातंय की. काय काळजी करू नका."

"मग त्या दिवशी का बसली रे?"

या प्रकरणातला सगळ्यात कामाचा प्रश्न अण्णांचा होता आणि तो विचारायला सर्व्हरमधलं काही कळावं लागत नव्हतं. झालेला प्रकार चाचणीत परत घडत नसेल, तर चाचणी वेगळ्याच गोष्टीची चाललीय.

निकालाचा कागद नीट बघितला. 'सी' २० असताना १२८, ५० असताना १२८, १०० असतानाही १२८. एका रिक्वेस्टला लागणारा वेळ मात्र १५६ मिलिसेकंदांवरून ३९० आणि मग ७८०. एका वेळी आत असलेल्या रिक्वेस्ट म्हणजे दर गुणिले प्रत्येकीचा वेळ, हा जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम. आत माणसं वाढवली, दर हलला नाही, म्हणून वेळ वाढला. कुठंतरी काहीतरी भरलंय, एवढं यावरून कळतं. काय भरलंय, ते कळत नाही.

ते कळलं खालच्या एका ओळीवरून, जिच्याकडे सहसा कुणी बघत नाही: ट्रान्सफर रेट. सेकंदाला साडेअकरा हजार किलोबाइट. आठानं गुणलं की सुमारे ९४ मेगाबिट. ऑफिसचं फायबर कनेक्शन १०० मेगाबिटचं. म्हणजे चाचणी राजारामपुरीतल्या त्या वायरची झाली होती, सर्व्हरची नाही. पानाचं एचटीएमएल ९० किलोबाइट होतं आणि एबी आपणहून दाबलेलं पान मागत नाही. ब्राउझर जीझिप, म्हणजे दाबलेलं पान, मागतो, तेव्हा तेच पान १५ किलोबाइटात येतं. हेडर (रिक्वेस्टसोबत जाणारी सूचना) देऊन तसं मागायला एबीला सांगावं लागतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. साइटच्या पहिल्या पानाला कॅश (एकदा तयार केलेलं पान साठवून तेच सगळ्यांना द्यायची सोय) होती, पाणीपातळीच्या पानाला नव्हती. "ताजा आकडा दिसला पाहिजे" म्हणून ते पान कॅशमधून मुद्दाम वगळलेलं. लोक ज्या दारानं आले, त्या दारावर आम्ही उभेच नव्हतो.

चाचणी कुठून आणि कशावर

इथं पहिला खरा निर्णय. चालू साइटवर रात्री दोन वाजता चाचणी घ्यायची की नक्कल करून तिच्यावर?

डेव्हलपरचं म्हणणं, खऱ्या सर्व्हरवरच घेऊया, नाहीतर निकालावर विश्वास कसा ठेवायचा. मुद्दा चुकीचा नव्हता. पण बातम्यांच्या साइटला रात्री दोनलाही वाचक असतात, आणि होस्टिंगवाल्याला लोड टेस्ट आणि हल्ला यांत फरक दिसत नाही. त्यांनी पत्ताच बंद केला तर सकाळी बातम्या कुठं लावायच्या? शेवटी सर्व्हरचा स्नॅपशॉट घेऊन त्याच मापाचं दुसरं मशीन उभं केलं, मारा करायला त्याच डेटा सेंटरमध्ये तिसरं मशीन तासाच्या भाड्यानं घेतलं आणि होस्टिंगवाल्यांना आधी मेल टाकून परवानगी घेतली. सगळा खर्च एका जेवणावळीपेक्षा कमी. आपल्या मालकीचं नसलेल्या सर्व्हरवर, विचारल्याशिवाय, एबीची एक ओळही चालवू नये, हे इथं सांगून ठेवतो.

आणि तरीही दुसऱ्याच्या सर्व्हरवर मारा झालाच. पाणीपातळीच्या पानावर हवामानाची एक पट्टी होती. जुनं प्लगइन प्रत्येक वाचकामागं एका बाहेरच्या सेवेला विचारायला जायचं: कोल्हापुरात पाऊस आहे का? आम्ही नकलेवर काही हजार रिक्वेस्ट सोडल्या, तेवढेच प्रश्न त्या सेवेकडे गेले. दिवसाचा फुकट कोटा संपला. नकलेत त्या सेवेची तीच किल्ली (ओळखीचा कोड) असल्यामुळे चालू साइटवरची पट्टीही कोरी झाली आणि अण्णांचा फोन आला: "हवामान कुठं गेलं?"

त्यानंतर नकलेवरचं प्रत्येक बाहेर जाणारं कनेक्शन शोधून तोडलं. हवामानाच्या जागी तेवढाच उशीर करून ठरावीक उत्तर देणारी छोटी स्क्रिप्ट बसवली, कारण तो उशीर काढून टाकला असता तर चाचणी खोटी झाली असती.

पाच माणसांचं काउंटर

आता पाणीपातळीच्या पानावर एबी. पहिल्याच फेरीत 'फेल्ड रिक्वेस्ट' मध्ये जवळजवळ सगळ्या रिक्वेस्ट. डेव्हलपरचा चेहरा उतरला. पण खालच्या कंसात कारण होतं: लेंग्थ. पहिल्या उत्तराची लांबी आणि नंतरच्याची जुळली नाही की एबी ती नापास धरतो. पानावर चालू वेळ छापलेली असली तरी एखाद्या अक्षराचा फरक पडतो. 'एल' पर्याय दिला की हे थांबतं. खरं बिघडलेलं उत्तर 'नॉन टू-एक्सएक्स' या वेगळ्या ओळीत येतं, बघायचं ते तिथं.

निकाल असा: 'सी' ५ असताना सेकंदाला ३३, प्रत्येकीला १५० मिलिसेकंद. 'सी' ५० केला तरी ३३, वेळ दीड सेकंद. २०० केला, ३३ च, वेळ सहा सेकंद. कोअर मात्र दोन तृतीयांशच कामात होते. मशीनला दम लागलेला नाही आणि काम पुढं सरकत नाही, असं दिसलं की कुठंतरी कुणीतरी वाट बघत बसलंय असं समजावं.

एफपीएमच्या लॉगमध्ये उत्तर लिहून ठेवलेलं होतं: मॅक्स चिल्ड्रन ५ ची मर्यादा गाठली, वाढवायचा विचार करा. पीएचपीचे एका वेळी पाचच कामगार, हे उबुंटूवरचं मूळ सेटिंग, कुणी हात लावलेला नव्हता. पाच कामगार, प्रत्येकाला १५० मिलिसेकंद, म्हणून सेकंदाला ३३. त्या १५० पैकी ४० मिलिसेकंदच काम, उरलेले ११० हवामानाच्या उत्तराची वाट बघण्यात. जुलैत बसण्याआधीच्या मिनिटाला सेकंदाला ३० होते, तेही जुळलं.

एक गोष्ट मात्र जुळेना. एबीनं २०० चा मारा केला तरी एकही ५०२ आला नाही. नुसता उशीर. मग जुलैत ५०२ कुठून आले?

इथं बराच वेळ गेला आणि तो सार्थकी लागला. एबीची पद्धत अशी की एका रिक्वेस्टचं उत्तर आलं की मगच तिच्या जागी पुढची सोडायची. सर्व्हर हळू झाला की एबीही हळू होतो, सर्व्हरला सांभाळून घेतो. पूर आलेल्या गावातला माणूस असं करत नाही. तो इतर कुणाचं पान उघडलं का याची वाट बघत नाही, पाच सेकंदांत काही दिसलं नाही तर पान खाली ओढून पुन्हा मागतो, आणि शेजारच्यालाही लिंक पाठवतो. सर्व्हर कितीही दमला असला तरी येणाऱ्यांचा दर तोच राहतो, उलट वाढतो.

म्हणून साधन बदललं. व्हेजिटा नावाचं कमांडवरचं साधन ठरवलेल्या दरानं रिक्वेस्ट सोडत राहतं, उत्तर येवो न येवो. कनेक्शन पुन्हा वापरणंही बंद ठेवलं, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून येणारा प्रत्येक जण नवीन कनेक्शन आणि नवीन टीएलएस (सुरक्षित जोडणी) घेऊन येतो.

सेकंदाला ३० वर पान सुरळीत. ४० वर पहिलं मिनिट ठीक, नंतर ५०२ सुरू. १०० वर आठ सेकंदांत ५०२. हिशेब कागदावर मांडता येतो: १०० येतात, ३३ निघतात, ६७ रांगेत. एफपीएमच्या रांगेची मूळ मर्यादा ५११. ५११ भागिले ६७, म्हणजे पावणेआठ सेकंद. ४० वर सेकंदाला सातच उरतात, म्हणून सव्वा मिनिट लागतं. रांग भरली की एन्जिनएक्स पुढच्याला दारातूनच ५०२ देतो. आणि जे रांगेत शिरले, त्यांना पंधरा सेकंद थांबावं लागतं. तेवढ्यात ते पान बंद करून पुन्हा मागतात, पण बऱ्याचदा त्यांचं जुनं कामही पीएचपी करतच बसतं. निघून गेलेल्या माणसाचं पान तयार करण्यात कामगार गुंतलेले.

डेव्हलपर लॅपटॉप अण्णांकडे फिरवून म्हणाला, "हे बघा. बसली."

साइट बसल्याचा एवढा आनंद त्या ऑफिसात आधी कधी झाला नसेल.

पर्याय

अण्णांचा पहिल्यापासून आग्रह: पावसाळ्यापुरता मोठा सर्व्हर घेऊया. चार महिने जास्त भाडं, ऑक्टोबरात परत लहान. बहुतेक मालक हेच म्हणतात आणि त्यात गैर काही नाही, कारण पैसा ही त्यांच्या हातातली गोष्ट असते. वाद घालण्यापेक्षा नकलेलाच मोठं केलं: चार कोअर, ८ जीबी. सेकंदाला ३४. दुप्पट भाड्यात एक रिक्वेस्ट जास्त. कामगार पाचच असतील तर कोअर कितीही द्या. हा पर्याय तिथंच संपला.

दुसरा पर्याय, कामगार वाढवायचे. एक कामगार सुमारे ७० एमबी मेमरी खातो. मायएसक्यूएलला आणि बाकीच्यांना सोडून २० बसत होते. लहान मशीनवर २० कामगारांनी सेकंदाला ४८ दिले आणि मग दोन्ही कोअर भरले. चांगलं, पण १०० च्या निम्मंच. याला मोठा सर्व्हर जोडला तर १०० च्या जवळ गेलो असतो. म्हणजे अण्णांचा उपाय चुकीचा नव्हता, त्याची पाळी आधी आली होती एवढंच.

तिसरा, एन्जिनएक्समध्ये एक मिनिटाची कॅश. मिनिट संपलं की शंभर जण एकदम मागच्या दारावर जाऊ नयेत म्हणून एकालाच आत सोडायचं आणि बाकीच्यांना तोवर जुनं पान द्यायचं, अशी सोय त्यात असते. सेटिंगच्या चार ओळींचं काम.

चौथा, पान प्रत्येक वाचकासाठी नव्यानं बनवायचंच नाही. बातमीदार आकडा भरून सेव्ह करतो तेव्हा एकदाच पान बनवून साध्या एचटीएमएल फाइलमध्ये ठेवायचं. पूर्वी वर्तमानपत्रांच्या दारात फळा असायचा. त्यावर ठळक बातमी लिहिली की प्रत्येकाला आत येऊन विचारावं लागायचं नाही. तसं.

मला तिसरा पर्याय पुरेसा वाटत होता. ज्या प्लगइनचा लेखक गावात नाही, त्यात हात घालायला मी कचरतो. डेव्हलपरला चौथा हवा होता. निकाल लावला एका बातमीदार मॅडमनी, दुसरंच काही बोलताना. "पाणी काय मिनिटाला बदलत नाही ओ, माणसं मिनिटाला बघतात." आकडा तासा-दोन तासांनी येतो. मग मिनिटाला तरी पान का बनवायचं? चौथा ठरला.

केलेले बदल

कामगार पाचाचे वीस. पाणीपातळीचं पान सेव्ह झाल्यावर फाइलमध्ये. हवामान दर अर्ध्या तासानं क्रॉननं (ठरलेल्या वेळी आपोआप काम करणाऱ्या सोयीनं) एकदाच आणायचं. लॉग चौदा दिवसांऐवजी पूर्ण पावसाळाभर.

नकलेवर पुन्हा व्हेजिटा. १०० वर काही हललं नाही, म्हणून ५००, मग १०००. तिथं थांबलो.

सगळे खूश, आणि मॅडमनी मोबाइलवर नकलेचं पान उघडून दाखवलं. आकडा लगेच दिसला, पण वरचा फोटो येईपर्यंत गोल चक्र फिरत राहिलं. पंचगंगेच्या पुलाचा फोटो, १२०० किलोबाइट. एबी काय आणि व्हेजिटा काय, दिलेला पत्ता तेवढा मागतात. पानातले फोटो, स्टाइलशीट, स्क्रिप्ट ब्राउझर मागतो, ही साधनं नाहीत. सेकंदाला १०० माणसं आणि प्रत्येकाला हा फोटो, म्हणजे ९६० मेगाबिट. सर्व्हरची वायर एक गिगाबिटची. १००० चा आमचा सुंदर आकडा खऱ्या मोबाइलसमोर १०० च्या आसपासच आटपला असता. फोटो ८० किलोबाइटांवर आणला.

प्रत्यक्ष पावसात

पुढच्या पावसाळ्यात राधानगरीचे दरवाजे रात्री उघडले. लिंक फिरली. या वेळी लॉग होते: सगळ्यात गर्दीच्या मिनिटाला पाणीपातळीच्या पानावर सेकंदाला सरासरी १४०. पान लगेच उघडत होतं, ५०२ एकही नाही.

पण पानावर आकडा जुना होता. बातमीदारानं नवीन पातळी भरून सेव्ह दाबलं की फिरत राहायचं आणि शेवटी एरर. पातळी वाढत होती आणि आमचं पान दीड तासापूर्वीचा आकडा न अडखळता वाटत होतं.

कारण पाणीपातळीच्या पानावर नव्हतंच. रात्री दरवाजे उघडले की अर्ध्या कोल्हापूरला दुसरा प्रश्न पडतो: उद्या शाळेला सुट्टी आहे का? ती बातमी लागलेली नव्हती, म्हणून लोक साइटच्या शोधाच्या चौकटीत "शाळा सुट्टी" टाइप करत होते. वर्डप्रेसचा शोध म्हणजे सगळ्या बातम्यांच्या मजकुरात शब्द चाळत जाणं, त्याला कॅश नाही, आणि तो पीएचपीच्या त्याच वीस कामगारांकडे जातो. वीसही कामगार सुट्टी शोधत होते. पातळी भरणारा बातमीदार त्याच रांगेत मागं उभा.

डेव्हलपरनं घरून सर्व्हरवर लॉगिन करून एचटीएमएल फाइलमध्ये आकडा हातानं बदलला. साधी फाइल असण्याचा असाही फायदा. मग एन्जिनएक्समध्ये शोध तात्पुरता बंद केला, कामगार मोकळे झाले, सेव्ह व्हायला लागलं.

बाहेरून बघणाऱ्याला हे यश दिसलं. मला पहिल्या वर्षीचं ५०२ यापेक्षा बरं वाटतं. न उघडणारं पान बघून माणूस दुसरीकडे विचारतो, कंट्रोल रूमला फोन करतो. झटकन उघडलेल्या पानावरचा जुना आकडा तो खरा धरतो आणि झोपतो.

काय वेगळं करता आलं असतं

चाचणीत फक्त वाचणारे होते. लिहिणारा एकच माणूस असतो, म्हणून तो कुणाच्या हिशेबात आला नाही, आणि पान त्याच्यावरच अवलंबून होतं. मारा चालू असताना कुणीतरी लॉगिन करून पातळी सेव्ह करून बघायला हवी होती. त्यासाठी कुठलंही साधन लागत नाही.

दुसरं, एकच पत्ता. व्हेजिटाला पत्त्यांची यादी देता येते. जुलैच्या लॉगमधून लोक पातळीनंतर कुठं जातात ते बघून यादी केली असती तर शोधाचा पत्ता तिच्यात आलाच असता. पण जुलैचे लॉग पुसले गेले होते. लॉग किती दिवस ठेवायचे हा निर्णय लोड टेस्टच्या कितीतरी आधी, कुणी न घेताच, घेतला गेला होता.

तिसरं, थांबायचं कुठं. १००० वर थांबलो ते आकडा गोल होता म्हणून. पहिली अडचण कुठं येते ते सापडेपर्यंत जायला हवं होतं.

त्यानंतर केलेलं: संपादनाच्या पॅनलसाठी एफपीएमचा वेगळा गट, स्वतःचे तीन कामगार, त्यांच्याकडे वाचकांची एकही रिक्वेस्ट जात नाही. पानावर आकड्याशेजारी तो किती वेळापूर्वीचा ते ब्राउझरच मोजून दाखवतो, आणि दोन तासांपेक्षा जुना झाला की पट्टी लाल होते. एकाच पत्त्यावरून येणाऱ्या शोधाच्या रिक्वेस्टवर एन्जिनएक्समध्ये दराची मर्यादा टाकली, पण तिचा उपयोग बेताचाच. मोबाइल कंपन्यांच्या नेटवर्कमध्ये हजारो ग्राहक एकाच आयपी पत्त्यामागून येतात, त्यामुळे मर्यादा कडक केली तर निष्पाप माणसं अडतात.

शोधाचं काय करायचं यावर अण्णांचं आणि माझं जमलं नाही. माझं म्हणणं, पातळी ३९ च्या वर गेली की शोध बंद. अण्णा म्हणतात, लोक अडचणीत असताना दार लावायचं नाही. डेव्हलपरनं मधला रस्ता काढला: ३९ फुटांच्या वरचा आकडा भरला की शोधाच्या चौकटीच्या जागी शाळा, रस्ते, दरवाजे आणि निवारा केंद्रं अशी चार पानं दिसतात, चारही साध्या फाइली, आणि शोध त्यांच्या खाली एका बटणामागं जातो. मे महिन्यातल्या चाचणीत हे चारही पत्ते व्हेजिटाच्या यादीत आहेत. मारा चालू असताना पातळी भरायचं काम मॅडम करणार आहेत, चिखलीतून, मोबाइलवरून.